नारायण विनायक जगताप यांची पहिली कथा

नारायण विनायक जगताप हे नाव तुम्ही ऐकलंय का? बहुतेक नसेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथा स्पर्धेत या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पण जगताप नावाचा लेखक नव्हताच! कथा होती जयंत विष्णू नारळीकरांची. आपली ज. वि. ना. ही आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली आणि ना. वि. ज. असं नाव तयार केलं. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून स्पर्धेची प्रत मंगलाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हस्ताक्षरात गेली.

एवढा खटाटोप कशासाठी? १९६४ साली हॉइल-नारळीकर सिद्धांताने त्यांचं नाव जगभर झालं होतं. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण मिळालं होतं. १९७२ मध्ये केंब्रिज सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. अशा माणसाची कथा नाव बघूनही निवडली गेली असती. मग कथा चांगली की नाव मोठं, हे कळणार कसं? संशोधनात पेपर तपासणाऱ्याचं नाव आपल्याला सांगत नाहीत, आणि काही नियतकालिकं लेखकाचं नावही तपासणाऱ्यापासून झाकतात. नारळीकरांनी हाच नियम कथेला लावला.

कथेची सुरुवात कुठे झाली, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. अहमदाबादच्या एका परिषदेत भाषण रटाळ चाललं होतं, तेव्हा समोरच्या कागदावर त्यांनी कथा लिहायला घेतली. विषय तेव्हा अगदी ताजा होता. हंस तारकासमूहातला ‘सिग्नस एक्स-१’ हा क्ष-किरण स्रोत कृष्णविवर असावा, असं १९७१-७२ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ म्हणू लागले होते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातला ‘सॅजिटेरियस ए-स्टार’ हा रेडिओ स्रोत तर १९७४ च्याच फेब्रुवारीत सापडला.

आता मुद्द्यावर येऊ. ‘कृष्णविवराजवळ घड्याळ हळू चालतं, म्हणून तिथे जाऊन आलेला माणूस घरच्यांपेक्षा तरुण राहतो’ ही झाली कल्पना. एका ओळीत मावते. तिची कथा कशी होते? चला, आपणच करून पाहू. (पुढचं गणित माझं आहे, नारळीकरांच्या कथेतलं नाही.)

सूर्याच्या दहा पट वस्तुमानाचं, न फिरणारं कृष्णविवर घ्या. त्याची त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर. केंद्रापासून याच्या दुप्पट, म्हणजे ६० किलोमीटर अंतरावर यान फिरत ठेवलं, तर यानातलं घड्याळ दूरच्या घड्याळाच्या बरोबर निम्म्या वेगाने चालतं. (ही कक्षा अस्थिर असते, इंजिनाने सतत सावरावी लागेल.) यानात पाच वर्षं, घरी दहा. छान! पहिला आराखडा तयार.

पण थांबा. इतक्या जवळ पायांवरची ओढ आणि डोक्यावरची ओढ यांत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या लाखो पट फरक पडतो. नायक पहिल्या पानावरच फाटून जाईल! मग कृष्णविवर मोठं घेऊ, आकाशगंगेच्या केंद्रातलं, सुमारे ४० लाख सूर्यांएवढं. तिथे तोच फरक इतका कमी होतो की शरीराला जाणवतही नाही. दुसरा आराखडा.

पुन्हा थांबा. ते आहे सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी येऊन-जाऊन पृथ्वीवर ५२ हजार वर्षं उलटणार. ज्यांच्यापेक्षा तरुण दिसायचं, तेच उरले नाहीत. पाच वर्षांच्या फरकाला आता कोण विचारतो?

मला वाटतं, कथा जन्माला येते ती इथे. गणिताने आपल्याला एका प्रश्नासमोर आणून उभं केलं: परत येऊन हा माणूस भेटणार कोणाला? आधी आपण घड्याळाची गोष्ट लिहीत होतो, आता घराची गोष्ट लिहावी लागेल. किंवा मग ‘असं मोठं कृष्णविवर जवळच आहे’ अशी एक सूट मागायची. वाचक एक सूट देतो. दुसरी मागितली की तो पुस्तक मिटतो.

एक सूट कशी वापरायची, हे नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत दिसतं. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गोळी लागून पडले, हा इतिहास. कथेत ती गोळी चुकते. बस, एवढीच सूट. मराठे जिंकतात, आणि आपल्या जगातले इतिहासकार गंगाधरपंत त्या बदललेल्या जगात जाऊन पोचतात. हीच कथा इंग्रजीत ‘द ॲडव्हेंचर’ नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आली. तुमच्यापैकी काहींनी ती परीक्षेसाठी वाचलीही असेल, लेखक कोण याकडे लक्ष न देता!

आपल्या नागपूरकरांना तर शोधायला दूर जायला नको. नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई घ्या. भोसल्यांचं सैन्य संख्येने कितीतरी मोठं, तरी टेकडी इंग्रजांकडेच राहिली. त्या लढाईतली एकच गोष्ट बदला, बाकी सगळं काटेकोर ठेवा, आणि आजच्या बर्डीच्या चौकात कोण उभं आहे ते लिहा.

१९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह नारळीकरांच्या खऱ्या नावाने आला. २० मे २०२५ रोजी ते गेले. माझ्या लॅपटॉपवर एका कथेचा आराखडा तीन वर्षं पडून आहे. गणित बरोबर आहे, तीनदा तपासलंय. हा लेख लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं, की त्यात घरी वाट पाहणारं कोणीच नाही. आधी ते माणूस लिहितो. मग प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने पाठवीन.