कल्पना चावला : दाखल्यांपासून चौकशी अहवालापर्यंत

मराठवाड्यातील रेणापूर तालुक्यातल्या मागच्या पिढीचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहा. कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा निघतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लावलेली ती तारीख. म्हणून कल्पना चावला यांच्या दोन जन्मतारखांचे आपल्याला नवल वाटू नये. जन्म हरियाणातल्या कर्नालचा, १७ मार्च १९६२ चा. कागदोपत्री मात्र १ जुलै १९६१. मॅट्रिकला बसायला वय कमी पडू नये म्हणून तारीख मागे नेली होती. घरात त्यांना ‘मोंटू’ म्हणत आणि शाळेत जाताना ‘कल्पना’ हे नाव त्यांनीच निवडले, असे घरचे सांगत. ही आठवण आहे, दाखला नव्हे. तिला तेवढेच वजन द्यावे.

पुढच्या नोंदी सरळ आहेत. १९८२ साली चंदीगडहून एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९८४ साली टेक्सासमधून एम.एस., १९८८ साली कोलोरॅडोतून पीएच.डी., नासाच्या एम्स केंद्रात संशोधन आणि डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड.

खरे थांबावे ते नोव्हेंबर १९९७ पाशी. कोलंबिया यानाचा यांत्रिक हात कल्पना यांच्या ताब्यात होता. सूर्याच्या प्रभामंडळाचा अभ्यास करणारा ‘स्पार्टन’ उपग्रह त्यांनी २१ तारखेला बाहेर सोडला. सुटल्यावर त्याने ठरलेली गिरकी घेतलीच नाही. त्याला परत धरायला गेल्यावर पकड नीट बसली नाही, आणि हात मागे घेताना उपग्रह गरगरू लागला. २४ तारखेला विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यानाबाहेर पडले आणि दोघांनी तो अक्षरशः हातांनी पकडला. पहिल्याच उड्डाणात हे घडल्यावर बोट कुणाकडे गेले असेल, ते सांगायला नको. पण पाच महिन्यांच्या चौकशीत दोष निघाला तो सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि यानातले व जमिनीवरचे पथक यांना आखून दिलेल्या कार्यपद्धतीत. कल्पना निर्दोष ठरल्या. तोच स्पार्टन १९९८ मध्ये पुन्हा अंतराळात गेला.

शाळेतल्या भाषणांत हा प्रसंग गाळतात, तो गाळू नये. ठपका येऊ शकत होता, तो तपासला गेला आणि त्यानंतर नासाने त्यांना पुन्हा यानात बसवले. त्यांच्या कामावरच्या भरवशाचा याहून पक्का पुरावा मला दुसरा दिसत नाही.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया पुन्हा उडाले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला आणि तिथे भगदाड पडले. १ फेब्रुवारीला परतताना त्याच भगदाडातून तापलेली हवा आत शिरली आणि उतरायला सुमारे १६ मिनिटे उरली असताना कल्पना यांच्यासह यानातले सातही जण गेले. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या चौकशी अहवालाने फोमबरोबरच नासाच्या कारभारावरही बोट ठेवले.

५ फेब्रुवारीला पंतप्रधान वाजपेयींनी ‘मेटसॅट-१’ या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ नाव दिले. पुढची कित्येक वर्षे हवामान खाते पावसाळी ढगांची छायाचित्रे त्याच्याकडूनही घेत होते. त्यांत मराठवाड्यावरचे ढगही होते.