ताटीच्या अभंगांतील क्रोध

ताटी म्हणजे झोपडीच्या दारास लावावयाचा, बांबूच्या कामट्यांचा आडोसा. लोखंडी जाळीच्या दारांआड राहणाऱ्या आमच्या बिबवेवाडीतील वाचकास तो पाहण्याचा प्रसंग क्वचितच येणार, म्हणून हा खुलासा. संन्याशाची पोरे म्हणून झालेल्या अवहेलनेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर आत कोंडून बसले व धाकट्या मुक्ताबाईने हे अभंग म्हणून त्यांची समजूत काढली, अशी परंपरा आहे; त्यामुळे ताटी हे एकाच वेळी प्रत्यक्ष दार आणि क्रोधाने मनाभोवती घातलेले कुंपण ठरते. जग रागाने अग्नी झाले तर संताने पाणी व्हावे, आणि दातांनी जीभ चावली म्हणून कोणी दात पाडीत नाही, या दोन दृष्टांतांपैकी दुसरा मला अधिक मार्मिक वाटतो, कारण त्यात अपराधी व पीडित एकाच देहाचे अवयव ठरून मूळ फिर्यादच निकालात निघते. चरण बहुधा आठ अक्षरांच्या आसपासचे, जोडीजोडीने यमक साधणारे आहेत. प्रत्येक अभंगाअखेर परतणारे ध्रुवपद म्हणजे त्या धाकटीचे आर्जव होय. सबब पुनरुक्ती समजून वाचकाने ते गाळू नये. — संपादक