बंदी आणि तिचा हिशेब

‘बंदी’ हे उत्तरपद लागून मराठीत जे शब्द तयार झाले, त्यांतले बहुतेक आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला कोशात शोधावे लागत नाहीत. दारूबंदी त्याने मागून घेतली आहे. जंगल राखणाऱ्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली आहे. जमावबंदी, संचारबंदी, नाकाबंदी हे शब्द नक्षलवादाच्या चार दशकांत घराघरांत पोचले. २०१६ मध्ये त्यांत नोटाबंदीची भर पडली आणि २०२० मध्ये टाळेबंदीची.

यांपैकी शेवटच्या शब्दाची कथा वेगळी आहे. ‘लॉकडाऊन’ला प्रतिशब्द म्हणून वृत्तपत्रांनी आणि शासनाने ‘टाळेबंदी’ स्वीकारला, पण तो काही नवा शब्द नव्हता. कोळसा खाणी आणि कागद गिरणीच्या या मुलखात त्याचा अर्थ पक्का ठरलेला होता. मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप घालून कामगारांना बाहेर ठेवायचे आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची, ती टाळेबंदी. रोगप्रतिबंधाच्या एका उपायाला औद्योगिक कलहातला हा शब्द लावताना कोणी फारसा विचार केला असेल असे वाटत नाही. पण भाषा कधी कधी बोलणाऱ्यापेक्षा अधिक जाणते.

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. साथरोगशास्त्र हा आमचा विषय नाही. टाळेबंदीने किती प्राण वाचवले याचे गणित मांडण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा आव आणण्याची इच्छाही नाही. परंतु आता इतकी वर्षे लोटल्यावरही या विषयावरची चर्चा दोनच टोकांवर हेलकावे खाताना दिसते. टाळेबंदी अपरिहार्य होती, असे एक टोक म्हणते. ती निव्वळ अत्याचार होती, असे दुसरे. आमचे म्हणणे या दोहोंपेक्षा साधे आहे. कोणतीही बंदी ही तोलून पाहण्याची वस्तू आहे, आणि ज्यांना तिची किंमत मोजावी लागते त्यांचा हात तराजूला लागलेला नसेल तर तो तोल खोटा ठरतो. हे आम्हांला पुस्तकांपेक्षा आमच्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाने अधिक शिकवले.

प्रथम थोडे मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्बंधांसाठी ज्या कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ चा साथरोग कायदा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि पुढच्या फेब्रुवारीत हा कायदा झाला. पुण्यात त्याची अंमलबजावणी कशी झाली, घराघरांत गोरे सोल्जर कसे शिरले, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी कशी झाडली गेली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, रोगाशी वागण्याच्या या दोन रीती होत्या. एकीच्या हाती संगीन होती, दुसरीच्या हाती रुग्ण.

दुसरा धडा १९१८ चा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची दुसरी, घातक लाट आली. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. देशभरात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. प्लेगच्या वेळी अंगावर धावून आलेले सरकार या वेळी बव्हंशी हात बांधून उभे होते. टाळेबंदीवर सरसकट टीका करणाऱ्यांनी १९१८ विसरू नये, कारण काहीच न करण्याचीही किंमत असते आणि तीही गरिबालाच मोजावी लागते.

आता २०२० कडे येऊ. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी देश बंद झाला. दिल्लीच्या दिनदर्शिकेत तो आर्थिक वर्षाचा शेवटचा आठवडा होता. आमच्या जंगलाच्या दिनदर्शिकेत तो मोहाचा हंगाम होता. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोहफुले गळतात. ती पहाटे वेचावी लागतात आणि ज्या दिवशी वेचली नाहीत त्या दिवशीची गेली. मोह उरकतो न उरकतो तोच मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. त्याचे तोडणीचे दिवस मोजून दोन-तीन आठवडे. या दोन हंगामांत हाती येणारा पैसा म्हणजे पुढच्या खरिपाचे बियाणे आणि पावसाळ्यातला किराणा. शहरात ‘तीन आठवडे घरी थांबा’ याचा अर्थ तीन आठवडे असाच होता. येथे त्याचा अर्थ वर्ष होता. केंद्राने गौण वनोपजांच्या आधारभूत किमती वाढवल्या, हे खरे. पण ती वाढ मेच्या आरंभी आली, तोवर मोहाची झाडे पालवली होती.

याच दिवसांत आमच्याकडची हजारो माणसे गावात नव्हती. धानाची कापणी-मळणी झाली की चंद्रपूर, गडचिरोली आणि पलीकडच्या बस्तरमधली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा मुक्काम. मिरचीच्या शेतात त्यांना टाळेबंदीने गाठले. वाहने नव्हती, सीमा बंद होत्या. तेव्हा माणसे जंगलातून, नद्या ओलांडून पायी निघाली. इंद्रावतीपलीकडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी अशीच तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून निघाली आणि तीन दिवस शंभराहून अधिक किलोमीटर चालून १८ एप्रिल रोजी घराच्या अगदी जवळ येऊन मरण पावली. तिला करोना झालेला नव्हता. मग तिचे मरण कोणत्या रकान्यात लिहायचे?

हा प्रश्न आम्ही अलंकार म्हणून विचारीत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत केंद्रीय श्रम मंत्रालयाने सांगितले, की एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. परंतु त्यांच्यापैकी किती वाटेत दगावले याची आकडेवारी उपलब्ध नाही. तराजूच्या एका पारड्यात रोज संध्याकाळी नवा आकडा पडत होता आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे हे मोजायचेच नाही असे जणू ठरले होते. अशा तराजूचा काटा कोणीकडे झुकणार हे आधीच ठरलेले असते.

मात्र दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. टाळेबंदीने या जिल्ह्यांना काही दिले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. चंद्रपुरात पहिला रुग्ण मेच्या आरंभी आणि गडचिरोलीत त्या महिन्याचा मध्य उलटल्यावर सापडला. तोवर मुंबई-पुण्यात हाहाकार माजला होता. ३० एप्रिलच्या केंद्राच्या यादीत गडचिरोली हिरव्या पट्ट्यात होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अशा तालुक्यांत ती साथ मार्चमध्येच शिरली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. टाळेबंदीने आम्हांला वेळ मिळवून दिला, आणि वेळ ही साथीत औषधाइतकीच मोलाची गोष्ट आहे.

पण मिळालेल्या वेळेचे काय केले? याचे उत्तर एप्रिल २०२१ ने दिले. दुसऱ्या लाटेत चंद्रपूर जिल्ह्यात खाटा मिळेनात. आजारी वडिलांना गाडीत घालून एक मुलगा जिल्ह्यातली रुग्णालये पालथी घालून तेलंगणात गेला, तेथूनही रिकाम्या हाताने परतला. त्याचा आक्रोश साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. वर्षभरापूर्वी ज्या वेळेसाठी मोहाचा हंगाम आणि मजुरी दिली, ती वेळ वाया गेली असेल तर मग देणाऱ्याची फसवणूक झाली असेच म्हणावे लागेल. टाळेबंदी हे उधारीवर घेतलेले भांडवल होते. फेड मजुराने केली. गुंतवणूक व्हायची होती ती पुरेशी झाली नाही.

पैशांत न मोजता येणारी किंमतही होतीच. महाराष्ट्रातला मलेरियाचा सर्वाधिक भार त्या काळात गडचिरोलीवर होता. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तेथले रुग्ण वाढले. कारणे अनेक असतील, परंतु सारी यंत्रणा एकाच तापाकडे डोळे लावून बसली की दुसऱ्या तापाला मोकळे रान मिळते. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे १ डिसेंबर २०२१ पर्यंत उघडली नाहीत. मोबाइलचे ‘टॉवर’ शोधत टेकडीवर चढणाऱ्या मुलांचे कौतुक पुष्कळ झाले. जी चढली नाहीत त्यांच्यातली काही पुढे आमच्या वर्गांत आलीच नाहीत. आणि झाडीपट्टी रंगभूमी! दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर चालणारी नाटके, वडशाच्या नाटक कंपन्या, नट, पेटी-तबलावाले, पडदे रंगवणारे, मंडपवाले, चहा-भजी विकणारे यांचा २०२०–२१ चा हंगाम जवळजवळ बुडाला. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली याचा आम्हांला आनंद आहे. पण कोरड्या गेलेल्या त्या हंगामाची नोंद कोठे झाली?

येथे कोणी म्हणेल, की गावांनी तरी वेगळे काय केले? मार्च २०२० मध्ये राज्यभर गावोगाव रस्त्यांवर काट्या आणि लाकडे आडवी टाकून गावबंदी झालीच होती. खरे आहे. पण त्या बंदीत एक फरक होता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. अशा गावात बंदी ठरवणारा माणूस आणि बंदी सोसणारा माणूस एकाच चटईवर बसलेले असतात. ‘मोह वेचायला जाऊ द्यायचे, पण बाजाराला नाही’ अशी तडजोड तेथे निघू शकते. चार तासांच्या मुदतीत ती निघत नाही.

तरीही गावाच्या शहाणपणाचे स्तोत्र गाण्याची आमची तयारी नाही. गडचिरोलीच्या अनेक आदिवासी गावांत मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. तेही एक विलगीकरणच, आणि तेही गावानेच ठरवलेले. पण ठरवताना त्या स्त्रीला कोणी विचारले होते? शिवाय २०२० च्या गावबंदीने परतून आलेल्या आपल्याच मजुरांना शाळेच्या खोल्यांत आणि झाडांखाली ठेवले. तेव्हा ‘वरून आलेली बंदी वाईट, खालून आलेली चांगली’ इतके सोपे सूत्र येथे चालत नाही. कसोटी एकच राहते: सोसणाऱ्याला तोलण्याच्या जागी स्थान होते की नव्हते?

या बाबतीत आमच्याच जिल्ह्याने एक विलक्षण उदाहरण घडवले आहे. लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१० मध्ये स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या, आणि २०१५ मध्ये तेथेही बंदी आली. पुढे शासनाने रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्या बंदीचे लाभ आणि तोटे तपासले, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. निर्णय आम्हांला पटला की नाही हा निराळा प्रश्न. चालत गेलेल्या त्या स्त्रियांना तो पटला नाही, हे मात्र उघड आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दारूच्या बंदीचा जमाखर्च मांडावा असे सरकारला वाटले आणि तोही ऐन दुसऱ्या लाटेत. साऱ्या जगण्यावर घातलेल्या बंदीसाठी देशात असा स्वतंत्र आयोग नेमला गेला नाही. स्वीडनच्या करोना आयोगाने २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला. ब्रिटनने त्याच वर्षी वैधानिक चौकशी सुरू केली. आम्ही मात्र पान उलटले.

वास्तविक मोजदादीचा वारसा या मातीला आहे. बालमृत्यू सरकारी दप्तरात दिसतात त्याहून कितीतरी अधिक आहेत, हे गावोगाव मोजून दाखवणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये निघाला, त्यामागे डॉ. अभय बंग आणि राज्यभरातल्या त्यांच्या सहकारी संस्थांचे श्रम होते. त्याने शिकवले ते हे, की न मोजलेले मरण धोरणाच्या दृष्टीने घडलेलेच नसते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला, तेव्हा अधिकृत आकडा त्याच्या दशांशाच्या आसपास होता. सरकारने तो अंदाज फेटाळला. एका पारड्यातले आकडे असे वादग्रस्त आणि दुसऱ्या पारड्यातले मोजलेलेच नाहीत. अशा स्थितीत टाळेबंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही ज्या खात्रीने बोलतात, ती आम्हांला उसनी वाटते.

ब्रह्मपुरीकडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला निघालेली बाई पहाटे घराबाहेर पाऊल टाकते, तेव्हा तिने एक हिशेब केलेला असतो. रानात वाघ आहे हे तिला ठाऊक असते. मागच्या हंगामात कोणाच्या घरी काय झाले तेही ठाऊक असते. मग ती एकटी जात नाही, घोळक्याने जाते, हाका मारीत जाते, उजाडल्याशिवाय वाकत नाही. धोका आणि पोट यांचा मेळ घालण्याची ही विद्या तिला कोणी शिकवलेली नाही. पुढची साथ येईल तेव्हा — आणि ती येईलच — बंदी घालावी की न घालावी हे ठरवणाऱ्यांनी या बाईला तज्ज्ञ म्हणून बोलवावे, असे आम्ही सुचवत नाही. निदान तिला विचारावे, आणि तिचा खर्च वहीत लिहावा. एवढे झाले तरी ‘टाळेबंदी’ या शब्दातला मालक थोडा मागे सरेल.