आंतरकणीय संक्षारण, अगंज पोलादाचे

अगंज पोलादाची झळाळी शाबूत असताना आणि त्याचे वजन व जाडी फारशी घटलेली नसताना, धातूच्या कणांमधील सीमांवरून आत आत शिरून त्याचे बळ हरण करणाऱ्या रासायनिक क्षयास ही संज्ञा आहे. असा पत्रा ठोकल्यास खणखणत नाही, वाकविल्यास त्यावर भेगा पडतात, आणि क्षय पराकोटीस गेल्यास त्याचे कण सुटे होऊन गळून पडतात.

पोलादास गंजापासून राखणारा क्रोमियम ऑक्साइडाचा अतिसूक्ष्म थर टिकण्यास धातूत सुमारे १२ टक्के क्रोमियम आवश्यक असते. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या प्रचलित ऑस्टेनाइटी पोलादात ते मुबलक असते खरे. परंतु हे पोलाद सुमारे ४२५° ते ८१५° से. या तापमानात रेंगाळले, की त्यातील कार्बन कणसीमांवर येऊन क्रोमियमाशी संयोग पावतो. या कार्बाइडात कार्बनाच्या दर ६ अणूंमागे क्रोमियमाचे २३ अणू गुंतत असल्यामुळे, आणि चपळ कार्बन दुरून येत असला तरी मंदगती क्रोमियम लगतच्या अरुंद पट्ट्यातूनच उपसले जात असल्यामुळे, कार्बनाच्या अल्पांशानेही तो पट्टा क्रोमियमहीन होऊन अम्लाच्या तावडीत सापडतो. बेन, ॲबॉर्न व रदरफोर्ड यांनी १९३३ मध्ये केलेली ही मीमांसा आजही मुख्यत्वे ग्राह्य आहे.

वेल्डिंगच्या कामात हा क्षय खुद्द सांध्यावर न दिसता त्याच्या दोन्ही अंगांस, काही अंतरावर, समांतर पट्ट्यांत दिसतो; कारण घातक तापमान तेथेच पुरेसा वेळ टिकते. म्हणून निर्दोष पोलादही कारखान्यातल्या जोडकामाने सदोष होऊ शकते, आणि नुसत्या नजरेच्या तपासणीवर दिलेला दाखला येथे कुचकामी ठरतो. उकळत्या ६५ टक्के नायट्रिक अम्लात नमुना ४८ तासांच्या पाच मुदती ठेवून दर मुदतीअंती वजनातील घट मोजणे, ही एक मान्य कसोटी होय.

सुमारे १०५०° से. पर्यंत तापवून पाण्यात त्वरित थंड केल्यास कार्बाइड पुन्हा विरघळते. मात्र जागेवर बसविलेल्या अवाढव्य टाकीस हा इलाज लागू पडत नाही. तेथे कार्बन ०·०३ टक्क्यांहून अधिक नसलेले, किंवा कार्बनास स्वतःशी बांधून ठेवणारे टायटॅनियम अथवा नायोबियम मिसळलेले पोलाद आरंभीच निवडणे श्रेयस्कर. फेराइटी पोलादाची तऱ्हा मात्र उलट आहे : ते सुमारे ९२५° से. च्या वर तापून निवाल्यास बिघडते, आणि ६५०° ते ८१५° से. दरम्यान काही काळ ठेवल्यास, क्रोमियमास हलण्याची सवड मिळून, सुधारते.