ताऱ्यांचा तराजू

हल्लीं एखादें पुस्तक किंवा खाणावळ कशी वाटली हें सांगावयाचें, म्हणजे संकेतस्थळावरील पांच ताऱ्यांच्या रांगेवर बोट ठेवलें कीं काम झालें. चौथ्या ताऱ्यावर बोट टेकतांच पहिले चार तारे उजळतात. चाराचा आंकडा दूरच्या नोंदवहींत जाऊन आधींच्या बेरजेंत मिळतो, आणि एकूण मतसंख्येनें भागून नवी सरासरी डोळ्यांपुढें येते. इतक्या साध्या यंत्रामागें मोठा इतिहास असेल असें कोणास वाटत नाहीं. पण तो आहे, आणि उद्बोधकहि आहे.

१७०८ सालीं रॉजे द पील या फ्रेंच कलामीमांसकानें ‘चित्रकारांचा तराजू’ मांडला. रचना, रेखांकन, रंग व भावदर्शन अशा चार विषयांत त्यानें नामांकित चित्रकारांस वीसपैकीं गुण दिले, आणि अठराच्या वर कोणासहि जाऊं दिलें नाहीं. राफाएल व रूबेन्स यांची बेरीज प्रत्येकीं ६५ झाली. मायकेल अँजेलोस रंगांत ४ आणि रेम्ब्रांटला रेखांकनांत ६ मिळाले! आज हें वाचून हसूं येतें. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आम्हांस हसतांना किंचित् संकोचहि होतो.

पुढें मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेनें आपल्या प्रवासग्रंथांत इटलींतील चित्रांपुढें त्यांच्या योग्यतेप्रमाणें कमीअधिक उद्गारचिन्हें छापलीं. नंतर इंग्लंडांत मरे आणि जर्मनींत बेडेकर (नांव मराठी वाटलें तरी गृहस्थ जर्मनच!) यांच्या मार्गदर्शिकांत तारा अवतरला. मिशेलिन या टायरवाल्या फ्रेंच कंपनीनें १९२६ सालीं उत्तम भोजनगृहांस तारा देण्यास आरंभ केला व १९३१ सालापासून एक, दोन, तीन अशी चढती श्रेणी लाविली. १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ पत्रांत आयरीन थिरर यांनीं चित्रपटांस तारे दिले.

या सर्वांत तारा कोणीं दिला, निदान कोणाच्या नांवानें दिला, हें वाचकास ठाऊक असे. रेम्ब्रांटचे सहा गुण चुकले असें आपण म्हणूं शकतों, कारण ते द पीलचे आहेत. सरासरीशीं वाद घालावयाचा तर तो कोणाशीं?

शिवाय ती सरासरी वाटते तशी निःपक्षपाती नसते. एकाच माणसाचे पांच तारे आणि हजारांचे साडेचार, यांत वरचें स्थान कोणास द्यावें, हें यंत्र बांधणारा गुपचूप ठरवितो. लोकहि पांचांच्या मधल्या पायऱ्या क्वचितच वापरतात. यूट्यूबनें २००९ सालीं जाहीर केलें कीं, दिलेलीं बहुतेक मतें पांच ताऱ्यांचींच असतात. २०१० सालीं तेथें ताऱ्यांच्या जागीं पसंती-नापसंतीचे अंगठे आले.

म्हणून आमच्या मतें, हें यंत्र बांधणारानें सरासरीशेजारीं मतांची संख्या द्यावी, कोणत्या ताऱ्यास किती मतें पडलीं तें दाखवावें, दिलेलें मत बदलण्याची मुभा ठेवावी आणि दोन ओळी कारण लिहिण्यास जागा सोडावी. गुण दिल्यावर समासांत चार शब्दांचा शेरा लिहिण्याची आमच्या व्यवसायांत जुनी रीत आहे. तो शेरा नसला कीं विद्यार्थी विचारावयास येतो, आणि त्याचा तो हक्कच असतो.