तुरुंगातले तास आणि कंपनीच्या बसमधली चाळीस मिनिटं

गेल्या दिवाळीत नशिराबादला गेलो होतो. शेजारच्या काकांचा मुलगा आला. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं झालं आणि मग गडी मुद्द्यावर आला. "दादा, मला जर्मन शिकायची आहे. रोज किती वेळ द्यायला पाहिजे?"

मी मोठ्या तोऱ्यात "अर्धा तास पुरे रे" असं सांगून मोकळा झालो. पुण्याला परतताना रात्रभर बसमध्ये तेच डोक्यात. ज्याने स्वतः जर्मनच्या परीक्षेत एकदा सपशेल आपटी खाल्ली आहे, त्याने असं ठोकून द्यावं का? म्हणून मग दोन-तीन वीकेंड बसून जरा शोधाशोध केली. आपल्याकडे मोठ्या वयात, कुठल्याही क्लासशिवाय परकी भाषा शिकलेली माणसं कोण, आणि त्यांना वेळ कुठून मिळाला?

उत्तर जरा विचित्र निघालं. तुरुंगातून!

पहिलं नाव लोकमान्य टिळकांचं. २२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण होत होती. आधी साबरमती आणि मग ब्रह्मदेशातलं मंडाले. 'गीतारहस्य' तिथे लिहिलं हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाच महिन्यांत, पेन्सिलीने. पण उरलेल्या पाच वर्षांचं काय? त्या काळात ते वाचत होते आणि जर्मन, फ्रेंच, पाली या भाषा शिकत होते. वेदांवर, तत्त्वज्ञानावर युरोपात जे काम चाललं होतं त्यातलं बरंचसं या भाषांमध्ये होतं. ते मुळातून वाचायचं असेल तर भाषा यायलाच हवी, इतका साधा हिशोब. बोलायचं कुणाशी नव्हतंच. समोर पुस्तक आणि शब्दकोश, बस्स.

आता आपण इंजिनिअर लोक, त्यामुळे मी लगेच गुणाकार केला. मंडालेत ते सुमारे पावणेसहा वर्षं होते, म्हणजे दोन हजारांहून जास्त दिवस. रोज फक्त एक तास धरला तरी दोन हजार तास होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(तुरुंगवासाचं कौतुक करायचा माझा अजिबात हेतू नाही. मधुमेह असलेला पन्नाशी ओलांडलेला माणूस, मंडालेचा उन्हाळा, आणि ते आत असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या. असा 'फावला वेळ' कुणाच्याही वाट्याला येऊ नये.)

दुसरं नाव आपल्या खानदेशातलं, म्हणजे कोकणात जन्मून खानदेशचं झालेलं. साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० शिक्षक होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी नोकरी सोडली, आधी धुळ्याचा तुरुंग आणि तिथून रवानगी थेट त्रिचनापल्लीला. धुळ्याहून तामिळ मुलखात! आजूबाजूचे राजबंदी वेगळं बोलणारे, वेगळं खाणारे. अशा ठिकाणी माणूस एकतर गप्प बसतो किंवा समोरच्याची भाषा शिकतो. गुरुजी तामिळ शिकले, बंगालीकडेही वळले. तिरुक्कुरळचा मराठी अनुवाद त्यांच्या नावावर आहे. पुढे त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं, एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी हे, त्याचं मूळ या त्रिचीच्या बराकीत आहे. गंमत म्हणजे गुरुजींचा तिथला मुक्काम काही वर्षांचा नव्हता, महिन्यांचाच होता. मग तासांचा हिशोब कसा लावायचा? तो लागत नाही. कारण टिळकांची भाषा पुस्तकात होती, गुरुजींची शेजारच्या माणसाच्या तोंडात. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत क्लासच चालू.

तिसरे विनोबा. तेही धुळ्याच्याच तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, ओळीने अठरा रविवार, दर रविवारी गीतेचा एक अध्याय. आणि ती प्रवचनं उतरवून घ्यायला समोर साने गुरुजी! 'गीता प्रवचने' जन्मलं ते असं. विनोबांचं भाषावेड तर विचारू नका. शाळेत त्यांनी फ्रेंच घेतलं होतं. संस्कृत मागाहून, स्वतःच्या हिमतीवर शिकले. कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले. आणि १९४२ नंतर वेल्लोरच्या तुरुंगात तामिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा चारही भाषा एकदम घेऊन बसले. आपल्याला वाटतं एकाच वेळी चार म्हणजे गोंधळ. पण या चौघी एकाच कुटुंबातल्या. एकीचा शब्द पाठ करताना दुसरीचा बाजूला ठेवून बघितला की दोन्ही पक्के बसतात. सी शिकलेल्याला जावा सोपी जाते तसंच काहीसं.

आता तुरुंगातून बाहेर येऊ. आपल्याकडे असे तास नाहीत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच दोन जातात.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट, १९४७ पासूनची. तिथे राजदूत वगैरे मंडळींना भाषा शिकवतात, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी कुठल्या भाषेला किती वेळ लागतो याचे ढोबळ आकडे काढले आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती भाषा यायला वर्गातले तास असे लागतात: फ्रेंच, स्पॅनिशला सहाशे ते साडेसातशे. जर्मनला साधारण नऊशे. हिंदीला अकराशे. जपानी, चिनी, कोरियन, अरबीला बावीसशे. घरचा अभ्यास वेगळाच.

म्हणजे रोज अर्धा तास दिला तर वर्षाचे झाले १८२ तास. जर्मनला जवळजवळ पाच वर्षं, जपानीला बारा! रोज एक तास दिला तर जर्मन अडीच वर्षांत. आणि टिळकांचे दोन हजार तास? या हिशोबाने जर्मन आणि फ्रेंच दोन्ही होऊन वर थोडे उरतात. बावन्नाव्या वर्षी. काही चमत्कार वगैरे नाही, नुसता गुणाकार आहे.

आपल्याला थोडी सूटही आहे बरं का. इंग्रजी येत असल्याने जर्मनचे कितीतरी शब्द ओळखीचे निघतात. तीन लिंगांनी अमेरिकन माणूस रडकुंडीला येतो. आपण 'तो दगड, ती भिंत, ते झाड' म्हणतच मोठे झालो. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतात, अगदी मराठीसारखं. लिपीचा डोंगर मात्र त्यांच्याइतकाच आपल्यालाही.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं, सापडलं उत्तर. तास मोजा, भागाकार करा. पण मग एक हिशोब आठवला आणि सगळं मुसळ केरात.

माझं इंग्रजी.

मी मराठी माध्यमाचा. पहिली ते दहावी इंग्रजी हा विषय होता. वर्षाचे दोनशे दिवस आणि पस्तीस मिनिटांचा तास धरा. दहा वर्षांचे झाले साडेअकराशेच्या वर तास. त्या अमेरिकन लोकांना हिंदी यायला लागतात त्याहून जास्त! आणि तरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सर काय म्हणताहेत ते कळायचं नाही. व्हायवाला उत्तर येत असायचं, पण वाक्य तयार होईपर्यंत सर पुढच्या मुलाकडे गेलेले असायचे. त्या वर्षी दोन विषय राहिले. घरी सांगितलं पेपर अवघड होता. पेपर इंग्रजीत होता, एवढीच अडचण होती. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांना सांगून कळणार नाही.

मग ते साडेअकराशे तास गेले कुठे? प्रश्नोत्तरं पाठ करण्यात. त्या तासांत मी इंग्रजीत स्वतःचं असं एक वाक्य बोललो नव्हतो, की मला हवं म्हणून एक पान वाचलं नव्हतं. टिळकांना वाचायचं काहीतरी होतं, गुरुजींना बोलायचं कुणीतरी होतं. मला मार्क हवे होते, ते मिळाले!

जर्मनच्या वेळी मी दुसरी चूक केली. प्रोजेक्टचा क्लायंट जर्मन, म्हणून क्लास लावला. फक्त रविवारी, सलग चार तास. वर्षाचे पन्नास रविवार, दोनशे तास. रोज अर्ध्या तासापेक्षा जास्तच की! पण दर रविवारचा पहिला तास मागच्या रविवारचं आठवण्यात जायचा. हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी थोड्या थोड्या दिवसांवर वाटली तर कमी कष्टात टिकते. त्याच्याच भाषेच्या परीक्षेत मी नापास झालो, हा माझा बावळटपणा. क्लासचा काही दोष नाही.

आता माझं गणित असं आहे. रोज चाळीस मिनिटं. कंपनीच्या बसमध्ये सकाळी पंचवीस, त्यात आदल्या दिवशीचे आणि आठवड्यापूर्वीचे शब्द. रात्री पंधरा मिनिटं वाचन, तेही पाठ्यपुस्तक नाही, मला खरंच हवं असलेलं काहीतरी. आठवड्यातून एकदा क्लायंटकडच्या सहकाऱ्याशी दहा मिनिटं जर्मनमध्ये बोलायचं, चुका करत. बस चुकली तरी दिवस चुकवायचा नाही, त्या दिवशी दहाच मिनिटं. परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. पण खरा आनंद वेगळ्याच दिवशी झाला. जुन्या कोडमध्ये कुणीतरी जर्मनमध्ये लिहून ठेवलेली एक टीप दिसली: हे असं का केलंय ते मलाही आता आठवत नाही. भाषांतराचं बटण न दाबता वाचली आणि एकटाच हसलो. ते बटण आता सगळ्यांच्या खिशात आहे, अर्थ सांगतं, खूप उपयोगी आहे. ते हसू मात्र त्याआधीच्या चाळीस-चाळीस मिनिटांचं होतं.

शेवटी एक. त्याच दिवाळीत आजी म्हणाली, "तू तं पार पुन्याचा झाला रे बापा!" आमच्या घरी लेवा बोली. आजीशी बोलताना मी मधेच अडखळत होतो, शब्द आठवत नव्हते. म्हणजे रोज वेळ परक्या भाषेलाच द्यावा लागतो असं नाही. घरचीलाही द्यावा लागतो, नाहीतर तीही परकी व्हायला लागते.

त्यामुळे शेजारच्या पोराला फोन करून उत्तर दुरुस्त केलं. चाळीस मिनिटं, रोज, आणि आधी ठरव की ती भाषा येऊन तुला वाचायचं काय आहे किंवा बोलायचं कुणाशी आहे. ते ठरत नसेल तर चार तास देऊनही काही होत नाही, माझे साडेअकराशे बघ. तो म्हणाला, "बरं दादा." मग जरा थांबून, "पण तुम्ही तर अर्धा तास म्हणाले होते ना?"

म्हटलं, उरलेली दहा आजीसाठी. आता रात्री जेवण झालं की मी तिला फोन करतो. वांग्याच्या भावापासून भादली स्टेशनवर थांबणाऱ्या गाडीपर्यंत सगळं ती सांगते, मी तिच्याच बोलीत उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. चुकलो की ती हसते. चालायचंच, शिकणं चालू आहे.