तिजोरीची दुसरी किल्ली

आमच्या अमरावती जिल्ह्यात धामणगावे दोन. एक गढीचे आणि एक आमचे, रेल्वेचे. त्यामुळे एका नावाच्या दोन नोंदी दिसल्या की खातरजमा करायची, हे बँकेत चिकटण्याआधीच मला गावाने शिकवले होते. मात्र एका वस्तूची दुसरी नोंदच नसली, तर काय करायचे? हा प्रश्न नुकताच घरात उभा राहिला.

झाले असे, की चिरंजीवांनी जुन्या कॉम्प्युटरचा 'घरचा सर्व्हर' केला. त्यात फोटो, सातबारे आणि माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या भरल्या. आई आता नाही, जातेही नाही. ओव्या तेवढ्या आहेत, त्या या डब्यात. शेजारच्या काकूंनी डबा पाहिला आणि विचारले, "भाऊ, येवढुशा डब्बीत मायचा आवाज ठेवता, अन् डब्बी फुटली त मंग?"

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण चांगल्या कंपनीची हार्ड डिस्क घेऊ."

मी बी. कॉम. माणूस. आमच्या शास्त्रात कर्जदार दोनच प्रकारचे: बुडालेला आणि अजून न बुडालेला. डिस्कचेही तसेच आहे. एक अमेरिकन कंपनी 2013 पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कांपैकी कोणत्या किती बिघडल्या, याचा हिशेब जाहीर करते. त्यात कमीजास्त आहे, पण अमरपट्टा कुणाच्याच नावावर नाही.

तसा या वस्तूचा खानदानी इतिहास मोठा. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. तबकड्या 50, वजन सुमारे एक टन आणि पोटात अक्षरे अवघी पन्नास लाख! आमच्या कापसाच्या बंडीत ती मावली असती, पण बैल खाली बसले असते. पुढे 1988 साली बर्कलेच्या तिघा संशोधकांनी 'रेड' नावाची युक्ती मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का जुंपाव्यात. त्यातल्या आरशाच्या प्रकारात एक डिस्क मेली तरी दुसरी गाडा ओढते. पण बरे का, आरसा तो आरसाच. इकडे फाइल पुसली की तिकडेही त्याच क्षणी पुसली जाते. हिला जोडी म्हणावे, राखीव प्रत म्हणू नये.

राखीव प्रतीचा खरा धडा आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला सापडतो. 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारले, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, असे परंपरा सांगते. मग ग्रंथ वाचला कसा? तो माणसांत शिल्लक होता! हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून तो पुन्हा उभा राहिला. जिथे आठवणी जुळल्या नाहीत, तिथे कोण काय म्हणते ते नावानिशी नोंदवले. आम्ही बँकेत याला रिकन्सिलिएशन म्हणतो आणि ते करताना एकमेकांशी बोलणे टाकतो.

त्या मंडळींनी आणखी दोन गोष्टी केल्या. पोथ्यांच्या नकला पार पंजाबातल्या मठांपर्यंत पोहोचवल्या, आणि सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत मजकूर कुलूपबंद केला. कुलूप इतके पक्के, की पंथाबाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत थांबावे लागले. डिस्कला पासवर्ड घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तो निदान एका वारसाला ठाऊक हवा, नाही तर घरात राजवाडे जन्मण्याची वाट पाहावी लागेल.

हे सारे ऐकवून मी घरचे परिपत्रक काढले. प्रती तीन, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि एक प्रत गावाबाहेर. दोन डिस्का एकाच दुकानातून एकाच तुकडीच्या घेऊ नयेत. जुळी भावंडे एकदम आजारी पडतात. सर्व्हरसाठी माहितीच्या रेघा सुट्या आखणारी सीएमआर जातीची डिस्क घ्यावी. एसएमआर जातीत त्या रेघा कवेलूंसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. एक बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. आमच्या वऱ्हाडातला मे महिना पाहता डब्याला वारा द्यावा, आणि वीज मंडळावरची श्रद्धा कायम ठेवून यूपीएसही लावावा.

"बाहेरची प्रत कशाला?" चिरंजीवांनी विचारले. मी म्हटले, "बाबू, शाखेच्या तिजोरीची दुसरी किल्ली शाखेत नसते. ती दुसऱ्या शाखेत असते आणि अधूनमधून ती आणून कुलूप उघडते की नाही हे बघावे लागते. नुसती 'आहे' म्हणून चालत नाही."

तेव्हापासून एक डिस्क यवतमाळला बहिणीकडे, तिच्या लुगड्यांच्या कपाटात आहे. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वह्या पुजतात. आमच्याकडे त्या दिवशी बहिणीकडची डिस्क येते आणि तिच्यातली कोणतीही एक ओवी लावून पाहतात. गेल्या पाडव्याला लावली. आईचा आवाज मधेच अडखळला, आणि चिरंजीवांचा चेहरा पडला. बहीण हसून म्हणाली, "अरे, ते डिस्कचं नाही. तिथं आईला ठसका लागला होता."

घरची प्रत लावली. तिथेही ठसका होता. मी वहीत टिकमार्क केला.